हाकेची तपासणी

त्या दिवशी सोजराबाईंनी सकाळी खड्डा खणला, दुपारी बाभळीखाली बसून भाकर खाल्ली आणि ऊन कलल्यावर तोच खड्डा पुन्हा बुजवला. दिवस रोजच्यासारखाच होता. त्यांची थोरली मुलगी सिंधू नांदुऱ्याहून चार दिवस माहेरपणाला आली होती. ती बांधावर छत्री उघडून बसली होती आणि तिच्या मांडीवर पुस्तक होतं. पान बऱ्याच वेळापासून उलटलं नव्हतं. नांदुऱ्याच्या वाचनालयात काम करताना तिनं बरंच वाचलं होतं, पण समोर जे चाललं होतं ते तिला कुठल्याही पुस्तकात भेटलेलं नव्हतं.

बोरधाव हे डोणगावच्या पलीकडचं गाव. गावाला तलाव व्हायचा होता. मोठा दुष्काळ पडून गेल्यावर त्याचं काम निघालं, भिंत गुडघाभर उठली आणि वरून मंजुरी येईना म्हणून थांबली. लोकांनी काम मागितलं, काम नव्हतं, म्हणून सरकारनं बेकारी भत्ता लावून दिला. इथवर सगळं सरळ होतं.

मग हुकूम आला. ज्यांची लेकरं लहान आहेत त्यांना ती सांभाळावी लागतात, सबब त्यांनी घरी बसून भत्ता घ्यावा. पण ज्यांच्या घरी मिसरूड फुटायच्या किंवा पदर सावरायच्या वयाची मुलं आहेत, त्यांना सांभाळायला कुणी लागत नाही. सबब अशा आईबापांनी भत्त्याच्या बदल्यात काम करावं.

गावानं जानराव मुकादमाला विचारलं, काम असतं तर भत्ता कशाला लागला असता? जानरावालाही हे पटलं. तो तालुक्याला जाऊन आला आणि पारावर बसून त्यानं उत्तर सांगितलं. काम नाही म्हणून भत्ता आहे, आणि भत्ता आहे म्हणून काम केलं पाहिजे. फक्त ते काम असं पाहिजे की त्याला काम म्हणता येणार नाही. कारण गावात काम झालेलं दिसलं, तर गाव बेकार नाही असं होईल आणि सगळ्यांचाच भत्ता बंद होईल.

जानरावानं यावर पुष्कळ डोकं चालवलं आणि तोडगा काढला. तलावाखालच्या पडीक तुकड्यात प्रत्येकानं सकाळी आपापला खड्डा खणायचा आणि दिवस मावळायच्या आत बुजवायचा. सकाळी झालेलं काम संध्याकाळी नाहीसं होई. दिवसभर घाम गाळून गाव रात्री पुन्हा जसंच्या तसं बेकार होई, आणि हुकुमाला कुठंच धक्का लागत नसे.

एकच अडचण राहिली, ती खांबांची. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खांब न खोदता सोडायचा, ही खोदकामाची जुनी रीत. खांबाच्या डोक्यावरचं गवतसुद्धा तसंच ठेवतात. मोजणीचे साहेब येतात, फीत लावून खांबाची उंची घेतात, तेवढी खड्ड्याची खोली धरतात, आणि मग खांब पाडून टाकतात. इथं साहेब काही आले नव्हते. ते आल्याशिवाय खांबाला कुदळ लावायची नाही, हे जानरावाचं म्हणणं. त्यामुळे त्या तुकड्यातली माती रोज उकरून पिठासारखी मऊ झाली होती आणि तिच्यात प्रत्येकाचा खांब मात्र जमिनीसारखाच कठीण उभा होता. संध्याकाळी खड्डे बुजले की फक्त खांबांची डोकी दिसत, कुणाचं कुसळीचं, कुणाचं हराळीचं. सोजराबाईंच्या खांबावर तरवडाचं रोप होतं. तरवडाला बकऱ्या तोंड लावत नाहीत, म्हणून ते टिकलं होतं. सोजराबाई पाणी प्यायल्या की चूळ त्याच्या बुडाशी टाकत. त्या मे महिन्यात त्याला पिवळी फुलं आली होती.

"बाप्पा, फुलं त पाहा," बाजूच्या खड्ड्यातून अर्जुनराव म्हणाले. "वैनीच्या खांबाले फुलं, आन् माह्या खांबाले वारूळ."

"तुमच्या घरी मुंग्यायले काही कमी असंन, म्हनून अठी आल्या," सोजराबाई म्हणाल्या. "आन् ते तीन पाव्हने गेले का तुमच्या घरचे?"

आजूबाजूच्या खड्ड्यांतून हसू उठलं. अर्जुनरावांना तीन तरणे मुलगे होते. हुकूम आल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी जानरावाला सांगितलं होतं, की ही पोरं माझी नव्हेत, हे पाव्हणे आलेले आहेत. पाव्हणे हलेनात तेव्हा जानरावानं अर्जुनरावांच्याच हातात कुदळ दिली.

दुपारच्या भाकरीनंतर जानराव आला. त्याच्या डोक्यावरची टोपी मागं सरकली होती. टोपी मागं गेली की नवीन हुकूम आला, हे आता सगळ्यांना कळत असे.

"वैनी, टेका जराशा. नवीन हुकूम हाये."

"जुन्याचं काय झालं मंग?"

"जुना हाये ना. हा त्याच्यावर."

जानरावानं बांधावर बसून समजावून दिलं. काही लोक आपली पोरं आपली नाहीत म्हणतात आणि काही लोक दुसऱ्याची पोरं आपली म्हणतात. वर त्याचा फार घोळ झाला आहे. म्हणून आता तपासणी. पोरानं किंवा पोरीनं बांधावर उभं राहून खड्ड्यातल्या माणसाला हाक मारायची. जी हाक निघेल तेच नातं. आई, माय, बाप, बाबा, अशा हाका चालतील. बाकीच्या चालणार नाहीत. उद्या साहेब स्वतः येणार.

सोजराबाईंनी पदरानं मानेचा घाम पुसला. "लहानी चांगुणा त मले वैनी म्हन्ते."

"मले ठावं हाये."

"हे मोठीही वैनीच म्हन्ते."

"तेबी ठावं हाये. वैनी, मी सोताच्या मायले काकी म्हनत होतो, ते मरेलोक. पन हुकुमाले कोठं ठावं हाये?"

हे खरोखरच साऱ्या गावाला ठाऊक होतं. सोजराबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांचा धाकटा दीर इंद्रभान शेंबडा पोर होता. दिवसभर तो वैनी, वैनी करत त्यांच्या मागं फिरे. सिंधूला वाचा फुटली ती तोच शब्द घेऊन. कुणी दुरुस्त केलं नाही, कारण तशी कुणाची पद्धतच नव्हती. नंतर दीर साखरखेर्ड्याला राहायला गेला, सिंधूचे वडील वारले, पण शब्द घरातच राहिला आणि पुढं चांगुणाला आयता मिळाला. सिंधूच्या पत्राचा मायनासुद्धा 'तीर्थरूप वैनीस' असाच असे.

"मंग मी तिची माय नाही, असं ठरलं त काय होते?" सोजराबाईंनी विचारलं. "मले खनाव लागनार नाही, असंच ना?"

"हाव. तुमी घरी बसा आरामात. भत्ता चालू."

"चांगलं हाये मंग."

"पन मंग चांगुणाले मायबाप नाही असं होते. आन् मायबाप नसलेलं तरनं लेकरू म्हनजे सोतंत्र इसम. सोतंत्र इसमानं सोता खनाव लागते."

खड्ड्याखड्ड्यांतल्या कुदळी थांबल्या. चांगुणा डोणगावच्या शाळेत जात होती आणि येत्या साली तिची मॅट्रिक होती.

"तिच्या शाळेचं काय?" सिंधूनं पुस्तक मिटत विचारलं.

"शाळा खड्डा बुजवल्यावर भरत असंन, त जाईन."

"जानरावभाऊ, या आमच्या आई आहेत. मी तसं लिहून देते."

"लिवून चालत नाही, सिंधूताई. सांगूनबी चालत नाही. हाक पायजे."

"मग मी चांगुणाला नांदुऱ्याला घेऊन जाते."

"तेबी पायलं मी," जानराव हळू आवाजात म्हणाला. "सोतंत्र इसमाले खड्डा टाकून गाव सोडता येत नाही."

सोजराबाई उठल्या, कुदळीच्या दांड्यावर थुंकी लावून हात घासले आणि म्हणाल्या, "येवढं काय त्याच्यात. उद्या पोट्ट्या माय म्हन्तीन. जीभ काही वाकडी नाही त्यायची."

संध्याकाळी घरी तालीम झाली. जेवणं उरकल्यावर चांगुणाला तुळशीपाशी उभं केलं आणि सोजराबाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सूप घेऊन बसल्या. सिंधू बाजेवर होती.

"हाक मार व," सोजराबाई म्हणाल्या.

चांगुणानं तोंड उघडलं आणि तिला हसू आलं. मग तिनं वेणी पुढं घेतली, घसा खाकरला आणि पुन्हा तिला हसू आलं. तिसऱ्या वेळी मात्र तिनं डोळे मिटून ओरडून घेतलं, "माय."

सोजराबाई तशाच पाखडत राहिल्या. मागं वळून पाहिलं नाही. भिंतीपलीकडून शेजारच्या अंबूबाईंचा आवाज आला, "काय व?"

"तुमाले नाही, अंबूमावशी," चांगुणा म्हणाली. "वैनी, तुलेच म्हनून राह्यले ना मी. वळाव लागते."

"मले म्हनून राह्यली का? मले वाटलं अंबूबाईची पोरगी आली सासरून."

"साहेबासमोर अशी करशीन त होईन मले खड्डा."

"आता वळते. म्हन बरं."

चांगुणानं म्हटलं. या वेळी सोजराबाई वळल्या, पण इतक्या घाईनं की सुपातली ज्वारी अंगणभर झाली. मग तिघीही ज्वारी वेचत हसत राहिल्या. अंबूबाई भिंतीवरून डोकावून गेल्या आणि काय चाललंय ते कळल्यावर म्हणाल्या, की माह्या घरी चौघं माय म्हनतात आन् एकबी कामाचा नाही, तुमी सुखी हाये वैनी.

"आता तू," सोजराबाई सिंधूला म्हणाल्या. "चांगुणा ऐनवेळी हासली त तू पायजे."

सिंधू बाजेवरून उठली नाही. आई हा शब्द तिनं हजारदा वाचला होता. कवितांतून, कादंबऱ्यांतून, शाळेच्या पहिल्या पुस्तकापासून. पण आपल्या तोंडून तो कसा ऐकू येईल याची तिला कल्पना करता येईना. ओळखीच्या माणसाला अचानक अहो-जाहो करावं, तसं काहीतरी तिला वाटलं.

"मी उद्या म्हणते," ती म्हणाली. "एकदाच म्हणायचं तर तिथंच म्हणू."

"मी उद्या म्हणते," चांगुणानं तिच्या पुस्तकी बोलण्याची नक्कल केली. "ताईले पाठ कराव लागते पहिले."

"राहू दे," सोजराबाई म्हणाल्या. "उद्या त उद्या." आणि सूप भिंतीला लावून त्या दुसऱ्या दिवसाच्या भाकरीचं पीठ काढायला आत गेल्या.

सकाळी त्या नेहमीसारख्या लवकर निघून गेल्या. साहेब उन्हं वर आल्यावर येणार होते, तेव्हा दोघी बहिणींनी मागून यायचं ठरलं होतं. सिंधू भाकरी बांधत होती. तेवढ्यात जानराव दारात आला. त्याच्या डोक्यावर टोपीच नव्हती.

"सिंधूताई, वैनी बसल्या हायेत."

"बसू द्या थोडं. उठतील."

"थोडं नाही वो, ताई," जानराव म्हणाला.

सोजराबाई अर्ध्या खणलेल्या खड्ड्यात खांबाला टेकून बसल्या होत्या. कुदळ मांडीशी नीट ठेवलेली होती. पदर डोक्यावर होता. खांब पाठीला बरोबर उंचीचा झाला होता आणि तरवडाची सावली कपाळावर पडली होती. खुर्चीवर बसावं तशा बसल्या होत्या त्या. सिंधूनं त्यांना असं टेकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी साखरखेर्ड्याहून इंद्रभानकाका आले. अग्नी त्यांनीच दिला. वैनी, मले कोन वाढीन आता, असं म्हणत ते लहान मुलासारखे रडले. सगळं गाव तोच शब्द घेऊन रडत होतं. सोजराबाईंपेक्षा वयानं मोठी माणसंही वैनी म्हणत होती. चांगुणाही तेच म्हणत होती. सिंधूच्या तोंडून काहीच बाहेर पडलं नाही. बायका म्हणाल्या, शिकलेली हाये, आतल्या आत रडते.

साहेब त्या दिवशी आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी राख सावडून लोक नाल्यावरून परतत होते तेव्हा तलावाखालच्या तुकड्यापाशी जानराव उभा होता. त्यानं दोन्ही हात जोडले, मग सोडले.

"सिंधूताई, हे बोलाची येळ नाही. पन बोलाव लागते."

"बोला."

"वैनीचा खड्डा उघडा हाये."

सिंधूनं पाहिलं. सगळे खड्डे बुजलेले होते, खांबांची डोकी जमिनीबरोबर होती. एकच खड्डा तसाच उघडा होता. त्यात एकच खांब कमरेइतका उभा होता आणि डोक्यावर पिवळी फुलं होती.

जानरावानं सांगितलं ते असं. खड्डा उघडा राहिला म्हणजे गावात काम झालेलं आहे. काम झालेलं दिसलं की साऱ्या गावाचा भत्ता बंद. तेव्हा खड्डा बुजवला पाहिजे. पण दुसऱ्याचा खड्डा बुजवणं म्हणजे दुसऱ्याचं काम करणं, आणि तेही चालत नाही. ज्याचा खड्डा त्यानं, नाहीतर त्याच्या मागं राहिलेल्यानं बुजवायचा. आणि घरात मागं राहिलेली चांगुणा सोमवारपासून स्वतंत्र इसम आहे. एकदा तिनं हा खड्डा बुजवला की तो तिचा झाला. मग रोज सकाळी तो तिनंच खणायचा.

"यातून वाट नाही का काही?" इंद्रभानकाकांनी विचारलं.

"हाये ना. कामावर मायबाप वारले त लेकराले मॅट्रिक होईलोक सूट हाये. हुकुमातच हाये. खड्डा मंग घरच्या कोनीबी बुजवावा. पन वैनी तिच्या माय होत्या हे ठराव लागते."

"आन् ते कसं ठरन?"

जानरावानं जमिनीकडे पाहिलं. "हाक मारूनच."

अर्जुनराव पुढं आले. "जान्या, लेका, शुद्धीत हायेस का बे? मानूस गेलं ते. हाक मारून ओ कोन देईन?"

"दादा, मी लय खेपा वाचला हुकूम. हाक पायजे, असं लिवलं हाये. ओ पायजे, असं कोठं लिवलं नाही." जानरावाचा आवाज फाटला. "मी त वाटच शोधून राह्यलो ना."

"साहेब कुठं आहेत?" सिंधूनं विचारलं.

"साहेब नाही आले. पन त्यायनं तपासनी मले सोपवली, असं मी धरून चाललो."

तेव्हा सगळ्यांना कळलं की जानरावाला हे कुणीही सांगितलेलं नाही. कुणी ते बोलून दाखवलं नाही.

चांगुणा बांधावर चढली. दोन दिवस रडून तिचा चेहरा सुजला होता. तिनं खड्ड्याकडे पाहिलं आणि हाक मारली.

"वैनी."

जानराव दुसरीकडे बघत होता. "वारं लय हाये," तो म्हणाला. "मले ऐकू नाही आलं."

वारं मुळीच नव्हतं. बाभळीचं पानही हलत नव्हतं.

चांगुणानं पुन्हा हाक मारली. पुन्हा वैनीच आलं. तिनं तोंडावर हात दाबून धरला आणि मान हलवली. दुसरं काही निघायचं नाही, हे तिला स्वतःलाच कळलं होतं. तालमीत जो शब्द हसत हसत आला होता, तो आता हसल्याशिवाय येत नव्हता.

"दुसऱ्या लेकरानं मारली त चालते का?" अंबूबाईंनी विचारलं.

"एकाच पोटचं असलं त चालते," जानराव घाईनं म्हणाला. हेही कुठं लिहिलेलं असेल असं कुणाला वाटलं नाही.

सिंधूनं छत्री मिटली, इंद्रभानकाकांच्या हातात दिली आणि ती बांधावर चढली. तीन दिवसांपूर्वी ती बसली होती तीच जागा. तिथून खड्डा नीट दिसत होता. खांबाच्या एका बाजूची माती पाठ टेकून गुळगुळीत झाली होती. तरवडाला पाणी मिळालं नव्हतं, पण फुलं गळली नव्हती.

पुस्तकातला शब्द तिला आठवला. तोही चालण्यासारखा होता, जानरावाच्या यादीत पहिलाच. ती तो स्वच्छ म्हणूही शकली असती. पण तो इथं कुणाचा नव्हता. त्या रात्री सुपातली ज्वारी सांडली होती, ती दुसऱ्या शब्दावर.

"माय," सिंधू म्हणाली.

जानरावानं कानामागं हात धरला होता. तो हात त्यानं खाली घेतला नाही. "ताई, हे म्हननं झालं," तो अगदी गयावया करून म्हणाला. "हाक पायजे."

अंबूबाईंनी पदर तोंडावर घट्ट दाबून धरला, सवयीनं आपल्या तोंडून ओ जाऊ नये म्हणून. सिंधूनं दोन्ही हात तोंडाशी नेले. शेतात लांबच्या माणसाला बोलावताना धरतात तसे.

"माय," तिनं हाक मारली. हाक तलावाच्या अर्ध्या भिंतीवर आपटून परत आली, आणि ती विरायच्या आत सिंधूनं पुन्हा मारली. "माय व, वर ये आता. पुरे झालं. बाकीचा आमी बुजवतो."